‘गोल्ड’ची किंमत : वास किती, नाव किती?

मस्कतला नोकरी करणारा माझा मामेभाऊ गेल्या वर्षी रमजान ईदला गावी आला आणि माझ्यासमोर त्यानं एक जडशीळ खोकं ठेवलं. म्हणाला, ‘‘भाईजान, तुमच्यासाठी. आपल्या लोकांचं अत्तर आहे. आता फ्रेंचांनी आपल्याकडून शिकायचं!’’ आत मखमली गादीवर सोनेरी बाटली आणि तिच्यावर ओमानी खंजिराच्या मुठीसारखं टोपण. नाव ‘गोल्ड’, कंपनी अमुआज. स्त्रियांसाठीच्या बाटलीचं टोपण मशिदीच्या घुमटासारखं असतं, ही माहितीही त्यानंच पुरवली.

किंमत मात्र त्यानं सांगितली नाही. पण हल्ली किंमत लपत नाही. शंभर मिलिलिटरची ही बाटली तीनशे डॉलरच्या वर जाते, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढे. आमच्या गावात एवढ्या पैशांत निकाह आणि आलेल्यांना शरबत एवढं तर नक्की होतं. ईदीनं आनंद व्हायचा तो झालाच, पण डोक्यावर कुणाचं तरी कर्ज चढल्यासारखंही वाटलं. तेव्हापासून एक प्रश्न मागे लागला. या पाण्यात पंचवीस हजारांचं आहे तरी काय? मामेभावाची माया वजा करून, केवळ वस्तू म्हणून, ही किंमत रास्त आहे का?

या वार्षिकात दरवर्षी कवितासंग्रहांची, कादंबऱ्यांची समीक्षा येते. त्या रांगेत अत्तराची बाटली आणून ठेवणं काहींना थिल्लरपणा वाटेल. पण अत्तरही कुणीतरी रचलेलं असतं. त्याला सुरुवात, मध्य, शेवट असतो. त्याचा कर्ता असतो, आणि त्या कर्त्याची पूर्वीची कामंही असतात. पाश्चात्त्य देशांत लुका ट्युरिन आणि तानिया सँचेझ यांनी २००८ साली हजारावर अत्तरांची परीक्षणं एका जाडजूड पुस्तकात छापली, अगदी पुस्तकपरीक्षणासारखे तारे देऊन. ट्युरिन हा ‘गोल्ड’चा चाहता आहे, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कुणाच्या विरुद्ध बोलतो आहे हे वाचकाला ठाऊक असेल.

आपली अडचण वेगळी आहे. मराठीत वाईट वासाला कितीतरी शब्द आहेत. कुबट, खवट, आंबूस, करपट, ओशट, हिंवस, कुजकट. ऐकताच नाकासमोर वस्तू उभी राहते. चांगल्या वासाला मात्र सुगंध, सुवास, परिमळ, दरवळ, घमघमाट. हे शब्द गोड आहेत, पण वास किती आला आणि कुठवर पसरला एवढंच सांगतात. कसा आला ते सांगत नाहीत. आपल्या घरांतली उर्दू ‘खुशबू’ आणि ‘महक’ घेऊन आली, पण तिनंही फारशी भर घातली नाही. तेव्हा वासाबद्दल बोलायचं तर वस्तूंची नावं घ्यावी लागतात. खालच्या मजकुरात साबण, तबेला, इस्त्रीचा कपडा असं काही आलं तर तो अनादर समजू नये.

माझी या विषयातली लायकी काय, तर अब्बांची पेटी. अब्बा अत्तर विकत. जुम्म्याला तालुक्याच्या मशिदीबाहेर, आणि डिसेंबरात माहीमच्या हजरत मख्दूम फकीह अली माहिमींच्या उर्सात. सागवानी पेटी, आत लाल मखमलीचे खण, प्रत्येक खणात काचेच्या बुचाची कुपी. गिऱ्हाईक आलं की काडीला कापूस गुंडाळून फाया करायचा, कुपीत बुडवायचा, आणि गिऱ्हाइकाच्या मनगटाच्या मागच्या बाजूला लावायचा. तळहाताला कधीच नाही, कारण तिथं घाम आणि आधीच्या जेवणाचा वास असतो. थंडीत हिना आणि शमामा, उन्हाळ्यात खस, पहिल्या पावसाआधी मिट्टी. ज्याला घ्यायचं नसे त्याच्याही कानाच्या पाळीत एक फाया जायचा. ‘‘खुशबू मागणाऱ्याला परत पाठवायचं नाही,’’ असं ते म्हणत, आणि तो फाया हिशेबात धरत नसत.

पेटीतलं सगळं अस्सल नव्हतं. मला हे दहाव्या-बाराव्या वर्षी कळलं आणि फार लागलं. अस्सल अत्तराची रीत कनौजची. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी उकळायचं, बांबूच्या चोंग्यातून वाफ भपक्यात उतरवायची, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असायचं. त्या तेलात गुलाब, मोगरा, केवडा मुरतो. कनौजच्या या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे अत्तर हे मुळात चंदनावर उभं आहे. आणि चंदन महागलं तशी भपक्यात लिक्विड पॅराफीनसारखी बिनवासाची सफेद तेलं आली. अब्बांच्या पेटीत दोन कुप्या चंदनावरच्या होत्या, बाकीच्या सफेद तेलावरच्या. पण ते गिऱ्हाइकाला सांगत. ‘‘हे दोन रुपयांचं आहे, संध्याकाळपर्यंत जाईल. ते दहाचं आहे, शेरवानी धुवाल तेव्हा जाईल.’’ वस्तू हलकी असण्याचा त्यांना संकोच नव्हता. तिला भारी म्हणून विकण्याचा होता.

आता ‘गोल्ड’कडे येतो. १९८३ साली सुलतान काबूस यांच्या ओमानमध्ये, राजघराण्यातल्या सय्यद हमद बिन हमूद अल बुसैदी यांनी अमुआज ही कंपनी उभी केली. अरबी ‘अम्वाज’ म्हणजे लाटा आणि फ्रेंच ‘अमूर’ म्हणजे प्रेम, यांतून हे नाव जुळवलं असं सांगतात. पहिल्याच अत्तरासाठी त्यांनी गी रोबेर या फ्रेंच अत्तरकाराला बोलावलं. हा माणूस तेव्हा नवखा नव्हता. ‘मादाम रोशास’ (१९६०) आणि एर्मेस कंपनीचं ‘कलेश’ (१९६१) ही त्याची कामं आजही अभ्यासाला घेतली जातात. तो २०१२ साली वारला. त्याला ओमानमधून जी सूचना मिळाली ती या धंद्यात दुर्मीळ आहे. कच्च्या मालाचा खर्च मोजू नका.

ही सूचना किती मोठी, हे समजायला धंद्याची उलटी बाजू पाहावी लागते. मोठ्या कंपन्या अत्तरकाराला आधी आकडा देतात. किलोला एवढ्या डॉलरच्या आत रचना बसवा. मग बाटली, खोकं, नटीची जाहिरात, दुकानाचा नफा, कर असं करत किंमत चढते, आणि आतल्या द्रवाचा वाटा सगळ्यांत लहान राहतो. म्हणजे आपण बहुतेक वेळा काच आणि छायाचित्रं विकत घेतो. ‘गोल्ड’च्या बाबतीत निदान जन्माच्या वेळी तरी हे उलटं होतं, म्हणून किंमतीचा प्रश्न याच बाटलीला विचारण्यात अर्थ आहे.

मी ते जवळपास वर्षभर लावलं. मेच्या उकाड्यात, श्रावणातल्या दमट हवेत आणि डिसेंबरच्या पहाटे. मनगटाच्या मागच्या बाजूला, कुडत्यावर, आणि कागदाच्या पट्टीवर.

पहिला धक्का असा की लोबान नाही, ऊद नाही, अरबस्तान नाही. पहिल्या फवाऱ्यात येतो तो पांढराशुभ्र, चुरचुरीत वास. नुकतीच इस्त्री केलेली कांजीची चादर, विझवलेल्या मेणबत्तीचा पहिला धूर, आणि उघडलेली साबणाची नवी वडी. हे काम आल्डिहाइड नावाच्या रसायनांचं. १९२१ च्या ‘शनेल नंबर पाच’नं त्यांना प्रसिद्धी दिली. माझ्या खालानं मनगट हुंगून एका वाक्यात निकाल दिला. ‘‘पंचवीस हजाराचा मोती साबण.’’ सगळे हसले, मामेभाऊ कानकोंडा झाला. पण खाला चुकली नव्हती. महागड्या फ्रेंच अत्तरांचा हा साचा पुढं साबणवाल्यांनी उचलला, म्हणून आपल्या नाकाला मूळ वस्तू नकलेसारखी वाटते. आधी सिनेमातलं गाणं ऐकलेल्या माणसाला नंतर मूळ बंदिश ऐकताना वाटतं तसंच हे.

साबण वीसेक मिनिटांत मागे सरतो. मग फुलं येतात. गुलाब, चमेली आणि लिली ऑफ द व्हॅली नावाचं एक युरोपी पांढरं फूल. गंमत अशी की या शेवटच्या फुलाचा अर्क कधीच निघत नाही. त्याचा वास नेहमी प्रयोगशाळेतच जुळवावा लागतो. त्यासाठी वापरलं जाणारं लिलियल नावाचं एक रसायन तर युरोपात २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद झालं आहे. म्हणजे ‘खर्च मोजू नका’ म्हटलेल्या अत्तरातही रसायन आहेच. म्हणून ‘नैसर्गिक ते अस्सल, रासायनिक ते नकली’ हा आपल्या बाजारातला सोपा निकष मी सोडून दिला आहे. प्रश्न पदार्थ कुठून आला हा नाही, रचनेत तो काय काम करतो हा आहे. ‘गोल्ड’मध्ये तो चोख काम करतो. गुलाब कुठं संपला आणि चमेली कुठं सुरू झाली, हे मला वर्षभरात एकदाही पकडता आलं नाही.

फुलांच्या मागं, अगदी मागं, लोबान आहे. पण जळणारा नाही. झाडावरून खरवडलेला, कच्चा, लिंबाच्या सालीसारखा तुरट. सोबत ओरिस, म्हणजे आयरिसच्या कंदाचा पावडरीसारखा कोरडा वास. आणि दोनेक तासांनी तळातून एक वेगळाच प्राणी वर येतो. हा सिव्हेट, जवादी मांजराचा. पूर्वी तो प्राण्यापासूनच घेत, आता बहुधा जुळवलेला असतो. एकटा हुंगला तर तबेला. इथं मात्र तो त्या सगळ्या धुतलेल्या पांढरेपणाला माणसाचं अंग देतो. इस्त्रीच्या चादरीत कुणीतरी झोपलेलं आहे, हे त्या क्षणी कळतं. माझ्या मते ‘गोल्ड’ची खरी कमाई हीच. स्वच्छ आणि अस्वच्छ यांच्या मधल्या रेषेवर ते चार तास चालतं आणि तोल जाऊ देत नाही. दुसऱ्या दिवशी कुडत्याच्या कॉलरला चंदन, कस्तुरी आणि उबदार कातडी एवढंच उरलेलं असतं.

दोषही सांगतो. मेमध्ये ते सहन होत नाही. कोकणातल्या घामात ती पावडर चिकट होते, आणि बंद खोलीत दोन फवारे म्हणजे शेजाऱ्याची घुसमट. एका जुम्म्याला माझ्या बाजूच्या बुजुर्गांनी सलाम फेरताच दोन शिंका दिल्या. मग विचारलं, ‘‘याच्यात अल्कोहोल आहे ना?’’ आहे. त्यावर उलेमांत मतभेद आहेत, अनेक जण अंगाला लावण्याची मुभा देतात, अनेक जण टाळायला सांगतात. मी मुफ्ती नाही. पण समीक्षक म्हणून एवढं म्हणेन की हे अत्तर तेलात बांधता आलं नसतं. ती पहिली चुरचुर अल्कोहोलच्या उडण्यावर स्वार होऊन येते. तेल धरून ठेवतं, अल्कोहोल सोडून देतं. आपली अत्तरं म्हणूनच कानाजवळ बोलतात आणि ही खोलीभर बोलतात.

मग ‘आपल्या लोकांचं अत्तर’ या मामेभावाच्या वाक्याचं काय करायचं? बाटलीवर खंजीर, जाहिरातीत वाळवंट, आत पॅरिस. माझी पहिली तक्रार इथं आहे. ओमानच्या धोफारचा लोबान जगात नावाजलेला. त्या लोबानाच्या भूमीला युनेस्कोनं २००० साली जागतिक वारशात घेतलं. बोस्वेलिया सॅक्रा या झाडाची साल खरवडतात, पांढरट अश्रू बाहेर येतात, सुकले की वेचतात. त्यातला उंची प्रकार होजारी. तो मूठभर होजारी मस्कतच्या मत्रा बाजारात थोड्याच रियालांत मिळतो, आणि निखाऱ्यावर टाकला की ‘गोल्ड’पेक्षा दसपट जास्त ओमान घरात येतो. लोबानासाठी कुणी हे अत्तर घेणार असेल तर त्यानं घेऊ नये.

पण नावांच्या बाबतीत आपण अरबांकडे बोट दाखवायला मोकळे नाही. दर जुमेरातीला माझी नानी घरभर लोबान फिरवायची. तो लोबान बहुधा धोफारचा नसायचाच. आपल्याकडे लोबान म्हणून बरंचसं जे विकलं जातं ते सुमात्राकडच्या स्टायरॅक्स झाडाचं राळ. अरब त्याला ‘लुबान जावी’, जावाकडचा लोबान, म्हणत. त्याचंच युरोपात बेंझोइन झालं. मराठीतला ‘ऊद’ही तोच. ज्याच्यावरून आपण उदबत्ती म्हणतो तो ऊद म्हणजे हे राळ, आणि अरबांचा ऊद म्हणजे अगरूचं लाकूड. ते लाकूड तर आसामातून मुंबईमार्गे आखातात गेलं. आसामातल्या होजाईहून आलेल्या हाजी अजमल अलींनी १९५१ साली मुंबईतच आपला धंदा सुरू केला, तो आज दुबईत मोठा आहे. तेलाचा पैसा येण्याआधी व्यापार, औषधोपचार आणि पाऊस यांसाठी अरब मुंबईला येत, आणि मस्कतमध्ये १९७० पर्यंत रिझर्व्ह बँकेनं छापलेला गल्फ रुपया चालत होता. आज एका ओमानी रियालाला दोनशेहून जास्त रुपये मोजावे लागतात. अब्बांना हे सांगितलं असतं तर त्यांनी पेटी मिटली असती.

अंबरचीही तीच गत. उर्दू शायरीतला अंबर म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ, आमच्या वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘व्हेल माशाची उलटी’. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याचा व्यापार गुन्हा आहे, आणि अलीकडच्या वर्षांत मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत त्यापायी किती तरी जण पकडले गेले. मग चौकातल्या दुकानातल्या ‘मुश्क अंबर’मध्ये अंबर कुठला? नसतोच. कस्तुरीही नसते. ती बंदीत आहे. तो एक जुळवलेला गोड वास असतो, आणि त्याचा मला राग नाही. राग आहे तो दुकानदार ‘असली आहे, कसम से’ म्हणतो त्याचा.

गेल्या वर्षी मुंबईत मोहम्मद अली रोडच्या परिसरातल्या एका दुकानात मी बारा मिलिलिटर ‘असली चंदन’ घेतलं. दोनशे रुपये. आता हिशेब करा. चंदनाचं खरं तेल किलोला लाखाच्या वर जातं. म्हणजे दहा ग्रॅमला हजाराहून जास्त, तेही घाऊक भावात. दोनशे रुपयांत त्यातलं चंदन बुचाला लागेल एवढंही नसणार. दुकानदाराला मी हे नम्रपणे म्हणालो. त्यानं माझ्या दाढीकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘चचा, नियत साफ रखो.’’ मी दोनशे रुपये सोडले. नियतीचा विषय निघाल्यावर पावती मागायचं धैर्य राहत नाही, आणि ते त्याला ठाऊक होतं. भिंतीवर ठेवलेल्या बाटल्यांवर जन्नत, काबा, मदीना अशी नावं होती. शेजारी त्याच फळीवर परदेशी कंपन्यांच्या नावांनी ‘सेम टू सेम’ तेलं. अमुआजनं खंजिराच्या मुठीवर किंमत चढवली. आपला बाजार त्याहून मोठी नावं दोनशे रुपयांत खपवतो. फसवणूक रकमेनं लहान आहे, एवढाच काय तो फरक.

म्हणून किंमतीचा हिशेब दोन्हीकडे एकाच तराजूनं करायला हवा. ‘गोल्ड’च्या शंभर मिलिलिटरमध्ये अर्क वीस टक्के धरू, बाकी बहुतेक अल्कोहोल. म्हणजे वीस मिलिलिटर अर्काला पंचवीस हजार. मिलिलिटरला साडेबाराशे, आणि आपल्या बारा मिलिलिटरच्या तोळ्यानं पंधरा हजार. ऐकायला भयंकर. पण अस्सल रूह गुलाबाचा तोळाही हजारांत मोजावा लागतो, कारण किलोभर गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. तेव्हा पंधरा हजारांचा तोळा ही अत्तराच्या इतिहासात काही नवी उद्धट गोष्ट नाही. मोगल जनान्यात याहून महाग तोळे गेले असतील.

दुसरा हिशेब विक्रेते करतात तो. बाटलीत साधारण हजार फवारे. फवारा पंचवीस रुपयांचा, तीन फवारे पंच्याहत्तरचे. फक्त जुम्म्याला लावलं तर बाटली सहा वर्षांहून जास्त पुरते. जुम्म्याला पंच्याहत्तर रुपये म्हणजे अर्धी प्लेट बिर्याणीही नाही! हा हिशेब खरा आहे आणि लबाडही. कारण पंच्याहत्तर रुपये घेऊन गेलात तर तुम्हाला तीन फवारे कुणी विकत नाही. आधी पंचवीस हजार ठेवावे लागतात. अब्बांच्या पेटीत दहा पैशांचा फाया होता. ज्या गड्याला तोळा कधीच परवडणार नव्हता तो ईदला दहा पैशांचा अस्सल शमामा लावून नमाजला जायचा, आणि त्या दिवसापुरता त्याच्या कानात आणि खोताच्या कानात एकच वास असायचा. ‘गोल्ड’मध्ये फाया नाही. माझी दुसरी तक्रार ही, आणि पहिलीपेक्षा मोठी.

(विमानतळावरच्या दुकानांत नमुन्याची बाटली ठेवलेली असते, हे मान्य. तिथं फुकट फवारा मारता येतो. पण तिथवर पोचायला पासपोर्ट आणि तिकीट लागतं.)

तर मग निकाल. रचना म्हणून ‘गोल्ड’ पहिल्या प्रतीचं आहे. रोबेरला मिळालेली मोकळीक त्यानं उधळली नाही, वापरली. विसाव्या शतकातल्या फ्रेंच अत्तरकलेत जे जे शिकण्यासारखं होतं ते एका बाटलीत ऐकायचं असेल, तर ते इथं आहे. तीनशे डॉलरपैकी दीडशे मी या कामाचे आनंदानं देईन. उरलेले दीडशे बाटली, खंजीर, मखमल आणि ‘आपल्या लोकांचं’ या दोन शब्दांचे आहेत. ते मी देणार नाही, कारण ते शब्द आतल्या वासात उतरलेले नाहीत. ज्याला अरबी किंवा हिंदुस्थानी खुशबू हवी त्यानं कनौजचा, चंदनावर उतरवलेला मिट्टी किंवा शमामा शोधावा. दुकानदार तेल कशावर आहे हे तोंडानं सांगत असेल, तरच तोळाभर घ्यावा. तो जे मागेल त्यात घासाघीस करू नये. आणि ज्याला खालासारखा नवा साबण आवडतो त्यानं नवा साबण घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

मामेभावाला मी हे सगळं अजून सांगितलेलं नाही. त्यानं दिलेल्यातलं पाच मिलिलिटर मी अब्बांच्या पेटीतल्या एका रिकाम्या कुपीत काढलं. पेटी अजून आहे, मखमल उंदरांनी खाल्ली. त्या कुपीतून यंदाच्या ईदला वाडीतल्या पोरांना एकेक फाया लावला. अल्कोहोल फार उडतं, कापसावर ठरत नाही, घाई करावी लागली. एका पोरानं विचारलं, ‘‘नानू, हा कसला वास?’’ मी म्हणालो, ‘‘फ्रान्सचा.’’ तो म्हणाला, ‘‘साबणाचा वाटतो.’’ ओट्यावरून खाला मोठ्यानं हसली. बाटली संपली की ते सोनेरी टोपण तिला शोकेसमध्ये ठेवायला हवं आहे. तिनं ते आत्ताच सांगून ठेवलंय.